शांत झोपेची खोली

“आत जा, दार लावा आणि जीव खाऊन बोंबला,” सुतार म्हणाला. “मी बाहेरून ऐकतो. आवाज आला तर सगळं उकलून पुन्हा करीन. माझी पद्धतच आहे ती.”

चार दिवस तो त्या बेडरूममध्ये राबत होता. भिंतींना जाड फोम, वरून कापड, खिडकीला दुहेरी काच, उजेडाचा कवडसाही आत न सोडणारे पडदे, दाराच्या कडांना रबर. तिच्या नवऱ्याला झोप लागत नव्हती म्हणून हा सारा खटाटोप. डॉक्टरने कागदावर लिहून दिलं होतं: काळोख, शांतता, गारवा आणि फोन खोलीबाहेर. कागदावर नसलेली एक गोष्ट नवऱ्याने स्वतःच्या डोक्याने वाढवली होती. दाराला बाहेरून कडी.

“हिला झोपेत चालायची सवय आहे,” त्याने सुताराला सांगितलं होतं. “आतून कितीही धक्के मारले तरी निघायला नको.”

ती जन्मात कधी झोपेत चालली नव्हती. या घरात तिला धड झोप तरी कुठे लागली होती?

तिचा जीव अडकला होता तो उशाकडच्या भिंतीत. भिंतीपलीकडे मावशी राहायच्या, हॉस्पिटलातून निवृत्त झालेल्या नर्स. इकडे नवऱ्याचा हात उठला आणि हिची किंकाळी फुटली की पलीकडून काठी वाजायची. ठक, ठक, ठक. एवढंच. पण तेवढ्याने नवऱ्याचा हात हवेत थांबायचा, कारण चारचौघांत त्याला मोठा मान होता. दोन वर्षं ती त्या तीन ठोक्यांवर जगली होती. आता त्या जागी चार बोटं जाडीचा फोम बसला होता.

“बोंबलायचं काम हिचं,” नवरा हसत म्हणाला. “त्यात हिचा हात कोणी धरू शकणार नाही.”

त्याने तिला दंडाला धरून आत नेलं आणि दार लावलं. दिवा लावला नाही. पहिला ठोसा पोटात बसला, ती वाकली. त्याने केसांना धरून तिला सरळ केलं आणि कपाळ भिंतीवर आपटलं. भिंत मऊ होती. खूण राहणार नव्हती.

“जोरात. सुतार वाट बघतोय,” तो म्हणाला आणि पुढचा तडाखा तोंडावर आला. दात ओठात घुसला. तोंडात रक्ताची खारट चव आली.

“मावशी!” ती ओरडली. घसा फाटेपर्यंत ओरडली. “मावशी!”

मग दोघंही थांबले. त्याचा हात तिच्या केसांत तसाच होता. काळोखात दोघंही त्या भिंतीकडे कान लावून उभे राहिले. काठीचा एक ठोकासुद्धा आला नाही.

“बघ,” तो गोड आवाजात म्हणाला, “किती शांत आहे.”

दार उघडलं तेव्हा सुताराचा चेहरा फुलला होता. “काही म्हणजे काही ऐकू आलं नाही, साहेब! म्हटलं होतं ना?”

मग त्याने तिच्याकडे पाहिलं. हनुवटीपर्यंत ओघळलेलं रक्त ती मनगटाने पुसत होती.

“अंधारात धडपडली,” नवरा म्हणाला. “आहेच वेंधळी.”

सुतार खाली वाकला. एकेक हत्यार पिशवीत टाकत राहिला. हातोडी मात्र थोडा वेळ त्याच्या हातातच राहिली. मग तीही त्याने ठेवली आणि मान वर न करता म्हणाला, “साहेब, आता तुम्ही आत. बाईमाणसाचा आवाज बारीक, तो कुठेही अडतो. पुरुषाचा खर्ज अडला तरच काम पक्कं. ताई ऐकतील बाहेरून.”

आपल्या आवाजाचा नवऱ्याला भारी अभिमान. “अख्खी इमारत गोळा करतो बघ,” म्हणत तो छाती काढून आत गेला आणि त्याने दार लावून घेतलं.

तिने दाराला कान लावला. काही नाही. तळहात लावला, तेव्हा लाकूड किंचित थरथरल्यासारखं वाटलं. कडी अगदी डोळ्यांसमोर होती, नवी कोरी. तिने सुताराकडे पाहिलं. तो पिशवीची चेन लावत होता. फारच वेळ लावत होता.

तिने कडी सरकवली.

दाराची मूठ खाली गेली, वर आली. पुन्हा खाली गेली. मग दाराला लाथ बसली, पाठोपाठ दुसरी, तिसरी. तिला ऐकू आल्या नाहीत, पण प्रत्येक लाथ तळहाताला कळली. “उघडते, उघडते,” सवयीने तिच्या तोंडून निघूनही गेलं. आत ते कोणाला ऐकू गेलं नाही.

नवऱ्याचा फोन बाहेर टेबलावर पडला होता. डॉक्टरने सांगितलं होतं तसा.

“कडीला चार इंची स्क्रू मारलेत, ताई,” दाराकडे न बघता सुतार म्हणाला. “साहेबांनीच सांगितलं होतं.” त्याने पिशवी खांद्याला लावली आणि तो जिना उतरून गेला.

ती अनवाणीच बाहेर पडली. शेजारच्या दाराला बेल होती. तिने मूठ वळली आणि दारावर हाणली. एकदा, दोनदा, तीनदा.

आतून काठी टेकत येण्याचा आवाज झाला.

“आले गं, आले,” मावशी म्हणाल्या. “ऐकू येतंय मला.”