डावी बाजू

हेमलताने आधी पायात प्लास्टिकची पिशवी चढवली आणि मग पिशवीसकट पाय समुद्रात घालायच्या रबरी वेटसूटमध्ये घातला. तसं केलं की रबर कातडीला चिकटत नाही, पाय सरकन आत जातो, असं दुकानदारीण शिखाने सांगितलं होतं. खेळाच्या सामानाच्या त्या दुकानात मागच्या बाजूला एक चिंचोळी खोली होती. बाहेर, क्रिकेटच्या बॅटींशेजारी स्टुलावर, नीलकंठ बसला होता.

पुढच्या आठवड्यात दोघं अंदमानला जाणार होती. मुलगी मनीषा तिथे नोकरीला होती. "आई, समुद्रात डोकं बुडवून मासे पाहायचे आहेत," तिने फोनवर बजावलं होतं. "नुसती किनाऱ्यावर बसायची नाहीस."

नीलकंठने सगळ्यांत जाड वेटसूट हातात घेतला होता. शिखा हसली होती.

"अंकल, वहाँ का पानी अट्ठाईस डिग्री है. इसमें आंटी उबल जाएँगी." तिने पातळ, पूर्ण बाह्यांचा एक काढून दिला. तासभर पालथं तरंगायचं, तर पाठ उन्हाने भाजते, प्रवाळांनी खरचटतं. तेवढ्यापुरता हा पुरे. "बस, फिटिंग पक्की चाहिए. जहाँ ढीला, वहाँ पानी भरेगा."

हेमलताने पाठीमागची चेन लांब दोरीने वर ओढली. मांड्या बसल्या, कंबर बसली, खांदे बसले. मग तिने आरशात पाहिलं. छातीवर उजवीकडे नीट होतं. डावीकडे रबर पोकळ फुगून राहिलं होतं. तिने तळहाताने दाबलं, ते आत गेलं. हात काढला, पुन्हा वर आलं.

"छोटा साइज देना," ती आतून म्हणाली.

लहान मापाच्या सूटमध्ये उजवी बाजू करकचली, डावी तशीच.

गेली चार वर्षं ती साडीसुद्धा दाराला कडी लावून नेसायची. नीलकंठने कधी विचारलं नव्हतं. नातेवाइकांत 'तब्येत बरी नव्हती' एवढंच सांगितलं होतं.

"राहू द्या," ती म्हणाली. "मी बसते किनाऱ्यावर. तुम्ही पाहा मासे."

"काहून? काय झालं?" नीलकंठ उठून दाराजवळ आला.

"बसत नाही."

"कुठे बसत नाही?"

आत चेन खाली ओढल्याचा आवाज आला. शिखाच पुढे झाली. "आंटी, शोल्डर टाइट है क्या? दूसरा दिखाऊँ?"

"नहीं बेटा." हेमलताचा आवाज आधी बारीक होता, मग नीट झाला. "एक तरफ का ऑपरेशन हुआ है. कैंसर का. उधर कुछ नहीं है, तो खाली रह जाता है."

परक्या माणसासमोर हे वाक्य तिने पहिल्यांदा उच्चारलं होतं.

"टाँके सूख गए न?" शिखाने विचारलं. "डॉक्टर ने पानी में जाने को हाँ कहा है?"

"हाँ. चार साल हो गए."

"तो फिर सिर्फ नाप की बात है, आंटी."

नीलकंठने टांगलेला दुसरा सूट उतरवला, उलटा केला आणि चष्मा लावून शिवण पाहू लागला. एकतीस वर्षं तो सरकारी फॅक्टरीत तंबूंचं कापड कापत होता. दोन बोटांनी त्याने जोड ताणून पाहिला.

"हेमा, हे ऐक," तो दाराशी तोंड नेऊन म्हणाला. "यांनी सुई आरपार नेलीच नाही. आधी चिकटवलं, मग अर्ध्या जाडीतूनच टाका घातला. म्हणून पाणी आत येत नाही." जरा थांबून तो म्हणाला, "हे मला जमते. डावीकडून थोडं कापतो, जोडतो. त्या पहिल्यातच होऊन जाईल. पण माप अंगावर घ्यावं लागेल."

त्याने हातातला सूट पुन्हा सुलटा करून टांगला.

"नको म्हणशील तर नको," तो म्हणाला. "मग दोघंही किनाऱ्यावर बसू. मनीषा ओरडली तर ओरडली."

आत बराच वेळ रबराची खुसखुस ऐकू येत राहिली. ती पुन्हा पहिला सूट चढवत होती. मग कडी निघाली.

"या."

शिखाने काउंटरवरची टेप आणि दराच्या पाटीजवळचा खडू त्याच्या हातात दिला आणि ती दुकानाच्या पुढच्या भागात जाऊन उगाच चेंडू लावत बसली.

खोलीत दोघांना जेमतेम उभं राहता येत होतं. नीलकंठने त्या पोकळ जागेवर हात ठेवला आणि हळूच दाबला. रबर खाली गेलं, तळहात सपाट टेकला. खालून ऊब लागत होती. त्याचा हात थोडा वेळ तिथेच राहिला.

"दुखते?"

"नाही." ती त्याच्याकडेच पाहत होती. "तुम्हाला वाटलं होतं तसंच आहे?"

"मला काय वाटणार," तो म्हणाला. "तू दाखवत नव्हतीस."

त्याने खडूने एक वळणदार रेघ ओढली, जरा खाली दुसरी. मग टेप तिच्या छातीभोवती फिरवून समोर आणली आणि आकडा पाहायला वाकला. पण आकडा त्याला पटला नाही.

"अशी आवळून धरू नको," तो म्हणाला. "श्वास घे. पूर्ण घे, पाण्यात लागेल तेवढा."

हेमलताने श्वास घेतला. त्याच्या बोटांमधली टेप सरकू लागली, आणि त्याने ती सरकू दिली.