खिडकी उचकटण्याची कारणं

“तिचा दोष नाही. कारणं समाजात असतात,” खुर्चीवर टेकायच्या आतच प्राध्यापकांनी जाहीर केलं.

फौजदारबाईंनी पेन उघडलं. बाकड्यावर प्राध्यापकांची मुलगी बसली होती. भरदुपारी एका घराची खिडकी उचकटताना सापडली होती. पलीकडच्या काकूंनी पोलिसांना फोन केला होता.

“बाबा, ऐक ना—”

“तू बोलू नकोस. एकदा गुन्हेगाराचा शिक्का बसला की माणूस तसाच वागायला लागतो. सिद्धांत आहे तसा.”

बालगुन्हेगारी हाच प्राध्यापकांचा विषय. पोरं दुसऱ्यांची होती तोवर तो त्यांना आवडायचाही. आता प्रश्न स्वतःच्या पोरीचा होता. पोरगी सुधारगृहात गेली तर? त्यांनी एकेक सिद्धांत बाहेर काढला. वाईट संगत? मैत्रीण एकच, तीही बुद्धिबळ खेळणारी. पण बुद्धिबळवाल्यांचा तरी काय भरवसा. ताण? गणिताच्या मार्कांवरून आपणच तिचं डोकं खाल्लं. घराशी तुटलेलं नातं? इथे त्यांनी हात टेकले.

“लिहून घ्या, बाई. बाप जबाबदार.”

“घेते. आधी पत्ता सांगा. मुलीला येत नाहीये.”

“परवाच घर बदललंय हो.” प्राध्यापकांनी डोकं खाजवत, आठवून आठवून पत्ता सांगितला.

बाईंचं पेन थांबलं. “साहेब, ती हेच घर फोडत होती. आमचंच आहे म्हणत होती, पण पत्ता सांगता येईना, म्हणून आणली.”

प्राध्यापकांनी सगळे सिद्धांत पुन्हा एकदा चाळून पाहिले. या प्रकाराला एकही सिद्धांत लागू पडेना. मग छातीवरचा धोंडा असा काही उतरला, की त्यांनी पोरीला मिठी मारली, बाईंचे चार वेळा आभार मानले आणि दारातल्या हवालदाराला उगाचच शाबासकी दिली.

“पण खिडकी कशाला गं? बेल वाजवायची.”

“वाजवली की. बोट दुखायला लागलं. आतून कुणी उघडेल तर ना.”

“म्हणजे घरात माणूस होतं?” बाईंनी भुवया उंचावल्या.

“मी होतो,” प्राध्यापक हळूच म्हणाले. “कानात बोळे घालून लिहीत बसलो होतो. तुमचा फोन टेबलावर थरथरला तेव्हा उठलो.”

“इतकं काय लिहीत होतात?”

प्राध्यापकांनी छताकडे पाहिलं. पोरीने त्यांच्याकडे.

“मुलं बिघडण्यामागे पालकांचं दुर्लक्ष किती, यावर.”