बडबडीचं स्मारक

खड्ड्यात पाणी आलं तेव्हा मास्तर बागेतल्या बाकावर बसून भाषण पाठ करत होते. गवंड्याने हाक मारली. मास्तर उठले, खड्ड्याशी गेले, आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

खड्डा स्मारकाच्या दगडासाठी होता. दगड बाजूलाच कापड पांघरून आडवा पडला होता. त्यावर गावच्या हरवलेल्या ओढ्याचा नकाशा कोरलेला, वर ओढ्याचं नाव 'बडबडी', आणि खाली चांगल्या ठळक अक्षरांत संशोधक म्हणून मास्तरांचं नाव. भूगोल शिकवून निवृत्त झाल्यापासून त्यांनी दुसरं काही केलंच नव्हतं. लोकांच्या परसात शिरायचं, कुणाच्या तळघराच्या भिंतीला कान लावायचा, म्हाताऱ्याकोताऱ्यांना बोलतं करायचं. पोरंसोरं त्यांना 'ओढेमास्तर' म्हणायची. घरच्यांनी हात टेकले होते. मास्तरीणबाई तर येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या की यांनी उतारवयात मला सवत आणली, आणि तीही जमिनीखालची.

नाव एका आजीबाईंनी सांगितलं होतं. ते का पडलं हे त्यांना सांगता येईना, तेव्हा तेवढं मास्तरांनीच ठरवून टाकलं. बायका ओढ्यावर कपडे धुवायला जमायच्या आणि बडबड करायच्या, म्हणून बडबडी. ओढ्यावर त्यांनी छापलेल्या पुस्तिकेत त्यावर अख्खं प्रकरण होतं. ते वाचून मास्तरीणबाईंनी एवढंच विचारलं होतं की मग तुमच्या शाळेतल्या मास्तरांच्या खोलीला काय म्हणायचं?

ओढ्याची वाट मास्तरांनी शाळेमागून, जुन्या छापखान्याखालून, थेट नदीपर्यंत आखली होती. बाग राहिली पार गावाच्या दुसऱ्या टोकाला. पण शाळेमागे गाड्या लावायला जागा नाही, फोटोही नीट येत नाहीत, म्हणून नगराध्यक्षांनी दगड बागेत बसवायचं ठरवलं. मास्तरांनी हरकत घेतली नाही. दगड बसतोय हे काय थोडं झालं?

आणि आता नेमकं बागेतच पाणी.

मास्तर गुडघ्यांवर बसले. त्यांनी ओंजळीत पाणी घेतलं, हुंगलं, चाखलं. नळाच्या पाण्याला औषधाचा वास येतो, तो याला नव्हता. गटाराचं म्हणावं तर तळ स्वच्छ दिसत होता. तळाला गुळगुळीत गोटे होते, असे गोटे वाहत्या पाण्यातच घडतात. पाणी एका कडेने येत होतं आणि दुसऱ्या कडेने निघून जात होतं. मास्तरांना एकदम भरून आलं. हीच ती. एवढी वर्षं मेली म्हणून जिचा माग काढला, ती इथे मजेत वाहत होती.

मग त्यांची नजर दगडाकडे गेली, आणि भरून आलेलं तिथल्या तिथे ओसरलं. बडबडी इथून वाहते, तर मग दगडावर कोरलंय ते काय? आणि पुस्तिका? आणि सत्कार? इतकी वर्षं हसलेले लोक आज टाळ्या वाजवायला आले होते, समोर खुर्च्या धरून बसत होते. ते परत हसायला लागले असते, आणि या वेळी त्यांचं बरोबर ठरलं असतं.

"मास्तर, झरा जिवंत दिसतोय," गवंडी म्हणाला. "तुमचा ओढा तर नव्हे हा?"

मास्तरीणबाईही पर्स सांभाळत येऊन उभ्या राहिल्या होत्या. मास्तरांनी त्यांच्याकडे बघायचं टाळलं. ओले हात रुमालाला पुसले.

"ओढा शाळेमागे आहे," ते म्हणाले. "ही नुसती ओल. बुजवून टाका."

गवंड्याला काय, त्याने सिमेंट ओतलं. पाणी वर आलं. त्याने खडी टाकली, वर आणखी सिमेंट ओतलं. पाणीही भलतंच हट्टी निघालं. शेवटी अध्यक्षांची गाडी फाटकात शिरली तेव्हा कुठे ते दिसेनासं झालं, आणि मागून टेकू देऊन दगड उभा राहिला. मास्तरीणबाई काही बोलल्या नाहीत. त्या बोलत नाहीत म्हणजे त्यांना सगळं कळलंय, हे मास्तरांना संसाराच्या अनुभवावरून ठाऊक होतं.

सोहळा थाटात झाला. कापड सरकलं. सत्यासाठी अशी झटणारी माणसं आता शोधून सापडायची नाहीत, असं अध्यक्ष म्हणाले. मास्तरांनी मान खाली घातली, लोकांना तो विनय वाटला. मग मास्तर बोलायला उभे राहिले. 'माणसाने स्वार्थापायी एक ओढा जिवंत गाडला' हे वाक्य भाषणात आधीपासूनच होतं. ते म्हणताना त्यांची नजर दगडाच्या पायथ्याशी गेली. सगळ्यात जास्त टाळ्या त्याच वाक्याला पडल्या.

अध्यक्षांना मग आयत्या वेळी एक कल्पना सुचली. त्यांनी माईक जवळ ओढला आणि दिवंगत बडबडीसाठी सर्वांनी दोन मिनिटं स्तब्ध उभं राहावं अशी विनंती केली.

सगळे उठले. खुर्च्या वाजायच्या थांबल्या. खोकणारे खोकून मोकळे झाले. बाग चिडीचूप झाली.

आणि दगडाखालून आवाज यायला लागला. आधी दबका होता, मग वाढत गेला. भिंतीपलीकडे कुणीतरी तावातावाने बोलत असावं तसा, श्वासही न घेता. बडबडीला बडबडी का म्हणायचे, ते मास्तरांना तेव्हा कळलं. त्यांना जमिनीत गडप व्हावंसं वाटलं, पण तिथे जागा आधीच अडलेली होती.

अध्यक्षांनी एक डोळा उघडला. "कोण बोलतंय ते?" ते दटावून म्हणाले. "निदान आज तरी गप्प बसा."

"माझी सवत आहे," पहिल्या रांगेतून मास्तरीणबाई म्हणाल्या. "गप्प बसवून बघितलं यांनी आत्ताच."