पुढचा डावा दात

ताईचा वरचा ओठ सुजला काय, तिला बोटीने मुंबई घडली नि दातांचा क्ष-किरण फोटोसुद्धा निघाला! मथूच्या तर अख्ख्या तोंडाचाही कधी निघाला नव्हता. रत्नागिरीत परतल्यावर डॉक्टरांनी तो फोटो खिडकीशी धरला. “पुढच्या उजव्या दाताच्या मुळाशी काळा डाग. दात मेलाय, हाड पोखरलंय. काढायलाच हवा.” मथू दचकली. चार वर्षांपूर्वी विहिरीच्या पायरीवर ताईचा आपटला होता डावा दात! पण हे सांगायचं तर स्वतःचं पापही सांगावं लागणार. डॉक्टरांनी चिमटा उचलला. मथू ओरडली, “थांबा! फोटो उलटा धरलात. आपटला तो डावा. मीच ढकललं होतं हिला, सगळे हिच्याच हसण्याचं कौतुक करायचे म्हणून!” डॉक्टरांनी फोटोची सुलटी बाजू सांगणारी कोपऱ्यातली खूण चाचपली नि ओशाळून फोटो फिरवला. ताई पुटपुटली, “ठाऊक होतं गो. बोलले नाही कोणाला.” मथू चरफडली. आता हिच्या चांगुलपणाचाही हेवा करायचा?