काळवंडलेला चुंबक

बाळंतपणाच्या रजेवरून परतले आणि सरांच्या नावाजलेल्या उत्प्रेरकाने माझ्या हाती काम करणंच सोडलं. काचेच्या चंबूच्या तोंडावर लावलेला हायड्रोजनचा फुगा सकाळी जेवढा टम्म, संध्याकाळीही तेवढाच, अभिक्रिया शून्य.

"तुझं निम्मं डोकं पाळणाघरात असतं," सर वैतागले. "आता चुकलीस, तर काम दुसऱ्याला देईन."

शेवटी चिडून मी उत्प्रेरक घातलाच नाही. नुसता ढवळायचा जुना, काळवंडलेला चुंबक टाकला. तासाभरात हायड्रोजन संपून फुगा पार आकसला.

"सर, तुमचा उत्प्रेरक कधी चाललाच नव्हता. चालत होता तो जुन्या प्रयोगांतून या चुंबकाला चिकटलेला पॅलेडियम धातूचा मळ. मी आल्यापासून नवा, स्वच्छ चुंबक वापरतेय."

सरांनी आधी दार लोटून घेतलं.

"आई झालीस ती घरी! इथं कुणी सांगितली होती एवढी स्वच्छता?"