पास बॅचचा पेढा

अग्निबाणाच्या घन इंधनाच्या चिमुकल्या तुकड्यावर मी दोन किलोचे वजन वीतभर उंचीवरून सोडले आणि तो कडाडून पेटला. इतक्या हलक्या आघाताने पेटणारी बॅच बाद करायची असते.

"ऐरणीवर वाळूचा कण असेल," करंबेळकर साहेब म्हणाले. "हा धरू नकोस. पुन्हा घे."

ऐरण मी स्वतः पुसली होती. तरीही मी नोंद केली नाही. पुढचे नऊ तुकडे गप्प राहिले आणि साहेबांनी रिवाजाप्रमाणे माझ्या तोंडात पेढा कोंबला.

तेवढ्यात याच इंधनाचे साचे ठोकून सोडवणारे भिकूमामा हातोडा घेऊन दारात आले. "पास ना रे, मौनीबाबा? ठोकू?"

बोलायचे तर पेढा थुंकावा लागला असता. मी मान डोलावली.

मामा हसत शेडकडे वळले. मी तो गोड लगदा गिळला.