दोन बोटं जास्त

कॅनमधलं दूध पुन्हा दोन बोटं वर आलं होतं.

सासरेबुवांनी फूटपट्टी बाहेर काढली, पुसली आणि परत बुडवली. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केलेला माणूस, त्यांना अंदाजपंचे काम चालत नसे. दोन्ही शेळ्यांची धार काढून कॅन ओट्यावर ठेवला तेव्हा दूध होतं अकरा सेंटिमीटर. हातपाय धुऊन, चहा पिऊन आले, तर चौदा. तापवलेलं दूध उतू जातं हे त्यांना ठाऊक होतं. गार दूध बसल्या जागी वाढतं, हे काही त्यांनी ऐकलं नव्हतं.

"पाणी!" ते मुलीला म्हणाले. "तुझा नवरा पाणी घालतोय."

"काहीतरीच काय, बाबा! ते कशाला घालतील?"

कशाला म्हणजे? कारखाना बंद पडल्यापासून जावई बायकोच्या माहेरी राहत होता, दोन महिने झाले. मी आलो आणि घरात दूध वाढलं, असं दाखवायला नको का त्याला? एरवी मुखदुर्बळ, पण अशीच माणसं पोटात एक, ओठांत एक ठेवतात. हे सगळं सासरेबुवांनी मनातल्या मनात केव्हाच जुळवून टाकलं होतं.

गंमत वाटावी असं हे प्रकरण नव्हतं. परसातल्या त्या ठेंगण्या शेळ्यांनीच सासरेबुवांना माणसात आणलं होतं. दुकान बंद केल्यावर वर्षभर ते कुणाशी धड बोललेही नव्हते. डोळे थकले, एवढंच सगळ्यांना सांगितलं. आता सहा घरी त्यांचं दूध जात होतं. समोरच्या नर्सबाईंच्या बाळाला दुसरं कुठलं दूध पचतच नव्हतं. त्या बाळाच्या पोटात नळाचं कच्चं पाणी गेलं तर? 

त्यांनी दुधाचा थेंब उतरत्या फरशीवर सोडला. थेंब सावकाश घसरला, मागे पांढरी रेघ ठेवत. पाणी नव्हतं. दूध तापवलं, तर पूर्वी कधी आली नव्हती एवढी जाड साय.

"म्हणजे पावडर," सासरेबुवा पुटपुटले. "चांगलाच पोचलेला आहे."

मग त्यांनी जावयाची बॅग उपसली. गादीखाली पाहिलं. बुटांतसुद्धा हात घातला. एक मोजा मिळाला, तोही फाटका. काहीच सापडेना, तेव्हा तर त्यांची खात्रीच पटली. इतकं सफाईदार काम साध्यासुध्या माणसाला जमत नाही.

जेवताना टोमणे सुरू झाले. "दूध घ्या, जावईबापू, लाजू नका. तुमच्याच कृपेनं भरपूर आहे." नर्सबाई दूध न्यायला आल्या, तेव्हाही जावयासमोर म्हणाले, "आमच्याकडे हल्ली नळाला दूध येतं." गल्लीत कुजबुज व्हायला वेळ लागला नाही. जावई मान खाली घालून जेवायचा आणि आपलं ताट उचलून जायचा.

शेवटी सासरेबुवांनी मुलीला बजावलं, "उद्या मी त्याला रंगेहाथ पकडणार. पकडला की त्यानं बॅग भरायची."

मुलीनं एवढंच म्हटलं, "मग माझीही भरते."  पण आता माघार कशी घेणार?

सकाळी त्यांनी धार काढली, कॅन ओट्यावर ठेवला, हातपाय धुतोय असं वाटावं म्हणून बाहेरचा नळ सोडून दिला आणि पाल्याच्या भाऱ्यामागे जाऊन बसले. जावई आला. हातात लोटा होता. कॅनकडे त्यानं पाहिलंही नाही. तो सरळ शेळ्यांच्या छपरीत शिरला आणि दोघींतल्या काळीपाशी उकिडवा बसला. परक्या माणसाला उभं न करणारी ती काळी, खुशाल रवंथ करत राहिली. लोट्यात धार पडू लागली.

"सापडलास!" सासरेबुवा बाहेर आले. "आत्ता रिकामी केलीय मी तिला. दूध आणलंस कुठून?"

"मागे राहतं, मामा."

"माझ्या हातून? सरक तिकडे!"

ते बसले. सड धरला आणि दाबला. दात-ओठ खाऊन दाबला. एक थेंब आला, तोही लोंबत राहिला. अंगठा आणि बोट एकमेकांना धड भिडतच नव्हते. आता काही नाही तिच्यात, असं रोजच्यासारखं ते म्हणणार, इतक्यात जावयानं त्याच सडाला हात घातला आणि जाड, पांढरी धार लोट्यात पडली.

"मी आलो तेव्हा काळीच्या कासेत गाठी होत्या," जावई हळूच म्हणाला. "लहानपणी घरी शेळ्या होत्या आमच्या, म्हणून लगेच कळलं. राहिलेलं दूध दोन्ही वेळा काढून कॅनमध्ये ओतत गेलो, तशा गाठी विरल्या. शेवटचं दूध दाट असतं, त्यानं साय वाढली."

सासरेबुवा स्वतःच्या बोटांकडे बघत राहिले. 

"आणि तू गप्प बसलास?" त्यांनी विचारलं. "अरे, मी तुला गल्लीभर बदनाम केलं. घराबाहेर काढायला निघालो होतो. तोंड नव्हतं तुला?"

जावई लोटा घेऊन उठला.

"संशय माझ्यावर होता, तोवर तुम्ही रोज उठून धार काढायला येत होतात, मामा. तो बोटांवर गेला असता, तर तुम्ही उठलाच नसतात."